हैदराबादचा बस्ता आणि आपली संध्याकाळ

लातूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं असून बस्ता हैदराबादला बांधायचा, असं घरात सर्वानुमते ठरलंय. सोबत सासूबाई, जाऊ, नणंद आणि दोन पुरुष माणसं. हाताशी दोन दिवस आणि मोजके पैसे. कुठं काय चांगलं मिळतं आणि फसायला कुठं होतं, एवढं त्यांनी विचारलं आहे.

पण पत्राच्या शेवटी, सहज आठवलं म्हणून लिहावं तशी आणखी एक गोष्ट आहे. पुतणीच्या लग्नाच्या वेळी अशीच खरेदी झाली होती. तेव्हा दोन्ही संध्याकाळी पुरुषमंडळी 'जरा चक्कर मारून येतो' म्हणून निघून गेली आणि या लॉजच्या खोलीत पिशव्या राखत बसल्या. चारमिनार त्यांनी पाहिला तो धावत्या रिक्षातून, मान वळवून.

मैत्रिणींनो, मला वाटतं खरा प्रश्न या शेवटच्या ओळींतच आहे. साडी कुठं घ्यायची हे कुणीही सांगेल. पण घरातल्या बाईला परगावी संध्याकाळ मिळत नाही, ती का? कुणी दुष्टपणानं अडवतं असं नाही. दिवसभरात जमलेल्या बोचक्यांपाशी कुणीतरी बसायला हवं असतं आणि ते 'कुणीतरी' म्हणजे आपण, हे न बोलताच ठरलेलं असतं. तेव्हा बोचकीच संध्याकाळी जमणार नाहीत, अशी खरेदी आखायला हवी. हलकं सामान आधी, जड सामान शेवटी. हैदराबाद आणि सिकंदराबाद ही जोड शहरं या बेताला अगदी सोयीची आहेत. ती कशी, ते सांगते.

दोन शहरं, दोन तऱ्हा

चारमिनार १५९१ सालचा. महंमद कुली कुतुबशहानं हैदराबाद वसवलं तेव्हाचा. पुढं निजामांचा दरबार याच भागात राहिला आणि दरबाराच्या आधारानं जवाहिरे, मोतीवाले, अत्तरवाले, बांगडीवाले इथं स्थिरावले. सिकंदराबाद त्याहून दोनशे वर्षांनी धाकटं. हुसेनसागर तलावाच्या पलीकडं १८०६ साली इंग्रजी फौजेची छावणी वसली, तिला तिसरे निजाम सिकंदर जाह यांचं नाव मिळालं. छावणीबरोबर तमिळ मंडळी आली, पारशी आले, कापडाचे आणि किराण्याचे व्यापारी आले. आज मध्ये मोकळी जागा उरलेली नाही. नवख्या माणसाला एक शहर कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, हे कळतही नाही. पण बाजाराची तऱ्हा अजून निराळी आहे. दागिना आणि बांगडी हैदराबादची, कापड सिकंदराबादचं, असा ढोबळ हिशेब मनात ठेवला तर पायपीट वाचते.

आपल्याला ही शहरं तशी परकी नाहीत. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. कोर्टाचं काम असो की कॉलेजचं शिक्षण, आपले आजे-पणजे तिकडंच जायचे. सुलतान बाजार, बडी चौडी, काचीगुडा या भागांत आजही मराठी कानावर पडतं. आणि तिथली दख्खनी बोली ऐका! दुकानदार 'नक्को' म्हणतो तो आपलाच 'नको' आहे. तेव्हा भाव करताना लाजायचं कारण नाही.

पहिला दिवस : जुनं शहर

मुक्काम सिकंदराबादला स्टेशनच्या आसपास करा. तिथून मेट्रोच्या हिरव्या मार्गानं महात्मा गांधी बस स्थानकापर्यंत थेट जाता येतं. पुढं मुसी नदीवरचा पूल ओलांडला की रिक्षानं थोडक्यात पत्थरगट्टी आणि चारमिनार. चारमिनारच्या अगदी जवळ गाड्या जाऊ देत नाहीत, तेव्हा सासूबाईंना थोडं चालावं लागेल, हे आधीच सांगून ठेवा. एक खुलासाही करते. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून सरकारी बसमध्ये बायकांना मोफत प्रवास आहे, पण तो त्या राज्यातल्या रहिवासी बायकांसाठी. आपल्या आधार कार्डावर महाराष्ट्राचा पत्ता, म्हणून आपण तिकीट काढायचं. कंडक्टरशी वाद घालू नये.

मोत्यांची खरेदी दिवसाउजेडी उरकावी. पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखाली मोत्यांची दुकानं ओळीनं आहेत. एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या, हैदराबादला मोती पिकत नाहीत. समुद्र तिथून शेकडो मैल दूर आहे. जुन्या काळी मोती इराणच्या आखातातून यायचे. आपल्या आजीच्या नथीतले 'बसरा' मोती म्हणतात ते हेच. आता बहुतेक माल चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा, म्हणजे मुद्दाम वाढवलेला, असतो. हैदराबादचं कौशल्य आहे ते मोती निवडण्यात, भोक पाडण्यात आणि ओवण्यात. म्हणून 'बसरा मोती स्वस्तात' असं कुणी म्हणालं की पर्स बंद करून उठावं.

पारख घरगुती आहे. दोन मोती एकमेकांवर हलके घासा. खऱ्या मोत्याला किंचित खरखर लागते, काचेचा किंवा प्लॅस्टिकचा मणी गुळगुळीत सरकतो. खरा मोती हातात घेताक्षणी गार लागतो. सरातले सगळे मोती आकारानं आणि रंगानं अगदी तंतोतंत सारखे आणि भाव मात्र कमी, असं दिसलं तर शंका घ्या. भोकापाशी नीट पाहा. नकली मोत्याचा वरचा मुलामा तिथंच आधी सुटतो.

तन्मणी, चिंचपेटी किंवा नथ सोन्यात घडवलेली घेणार असाल तर सोन्याचं वजन आणि मोत्यांचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून घ्या. मोती सोन्याच्या भावानं तोलले गेले तर नुकसान आपलं. सोन्यावर हॉलमार्कचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची खूण, या तिन्ही गोष्टी हव्यात. १ एप्रिल २०२३ पासून ही सहा अक्षर-अंकांची खूण नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदारानं विकायचा नाही, असा नियम आहे. आणि मैत्रिणींनो, मोती म्हणजे 'गुंतवणूक' नव्हे. सोनं अडीअडचणीला मोडता येतं, तसा असा मोती मोडता येत नाही. हौस म्हणून घ्या, आणि हौसेपुरताच घ्या.

सर ओवायला टाकला की थोडा वेळ लागतो. दुकानात बसून कंटाळण्यापेक्षा जवळच्या सालारजंग संग्रहालयात जाऊन या. शुक्रवारी ते बंद असतं. तिथं बुरखा घेतलेल्या रिबेकाचा संगमरवरी पुतळा आहे. झिरझिरीत बुरख्याआडचा चेहरा दिसतो आणि बुरखाही दगडाचाच! इटालियन शिल्पकार बेन्झोनी याचं ते काम. सासूबाईंना बसायलाही जागा मिळेल.

दिवे लागल्यावर लाड बाजार

चारमिनारच्या पश्चिमेला लाड बाजार. इथं मात्र संध्याकाळीच जावं. लाखेच्या बांगड्यांवरचे खडे आणि आरसे दिव्यांत असे काही चमकतात की पाय निघत नाही. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारा चिकट पदार्थ. तो शेगडीवर तापवून, लाटून, त्याची बांगडी वळवतात आणि गरम असतानाच तिच्यावर एकेक खडा बसवतात. २०२४ साली या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

माप घरूनच लिहून न्या, सुनांचं, लेकींचं, वरमाईचंसुद्धा. 'दोन-चार' म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. 'दोन-आठ' म्हणजे अडीच इंच. हे लक्षात ठेवलं की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं. किंचित घट्ट होणारी लाखेची बांगडी कारागीर ऊब देऊन सैल करून देतो, तेव्हा विचारायला संकोच करू नका. पहिल्या दुकानात फक्त भाव ऐका, दुसऱ्यात घासाघीस करा आणि तिसऱ्यात घ्या. घरी आल्यावर या बांगड्या घालून भाकरी थापायला बसू नये. उष्णतेनं लाख मऊ पडते आणि खडे निखळतात. गरम पाण्यापासूनही जपावं. सुती कापडात गुंडाळून ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात.

आता पाहा, दिवसभराची खरेदी किती झाली? मोत्यांची डबी पर्समध्ये आणि बांगड्यांची खोकी एका पिशवीत. राखायला काही नाही! म्हणून संध्याकाळ सगळ्यांची.

चारमिनारच्या पायथ्याशी निमरा कॅफे आहे. तिथं इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घ्या. या चहाची कृती आपल्याहून निराळी. दूध वेगळं आटवायचं, चहाचं पाणी वेगळ्या भांड्यात झाकण ठेवून मंद आचेवर मुरवायचं आणि दोन्हींची गाठ कपातच घालायची. बिस्किट गोडसर-खारट, आणि नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचं. जुन्या इराणी हॉटेलांत बायकांना पडद्याआड 'फॅमिली रूम'मध्ये बसावं लागे. आता चारमिनारसमोर कप हातात घेऊन कॉलेजच्या मुली उभ्या असतात, बुरखेवाल्या बायका असतात, आपल्यासारख्या नऊवारी-सहावारीतल्याही असतात.

जेवणाचं म्हणाल तर मांसाहार करणाऱ्यांनी बिर्याणी चाखल्याशिवाय परतू नये. जुन्या शहरात शादाब हॉटेल प्रसिद्ध आहे. कच्चं मुरवलेलं मटण खाली, अर्धवट शिजलेला भात वर, आणि भांड्याचं तोंड कणकेनं बंद करून दम, ही तिथली खरी रीत. शाकाहारी मंडळींनी हिरमुसू नये. बघारे बैंगन आणि मिरचीचं सालन मागा. दाणे, तीळ, खोबरं आणि चिंच यांचं ते वाटण जिभेला लागलं की मराठवाड्यातल्या बाईला आपल्या भरल्या वांग्याची आठवण होतेच. मात्र त्या हॉटेलात मटण शिजतं म्हणून सासूबाईंना नको वाटत असेल, तर आबिडसला ताजमहाल हॉटेलात शाकाहारी दाक्षिणात्य जेवण मिळतं. गोडात खुबानी का मीठा, म्हणजे सुक्या जर्दाळूंचा मुरलेला गोड पदार्थ.

परतताना मोअज्जमजाही मार्केट वाटेत करता येतं. १९३५ सालची ही दगडी इमारत, वर घड्याळाचा मनोरा, खाली आइस्क्रीमची जुनी दुकानं. उघड्यावर खुर्च्या टाकलेल्या असतात आणि रात्री उशिरापर्यंत कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली दिसतात. शेजारी कराची बेकरी. आहेराबरोबर द्यायला फळांची बिस्किटं तिथं घ्यावीत. फार जड नाहीत.

रात्र कुणाची?

या शहरांच्या रात्रीबद्दल थोडं वेगळं बोलावंसं वाटतं. पश्चिमेकडच्या नव्या वस्तीत, हायटेक सिटीकडं, मोठाले मॉल आणि पब आहेत. ती रात्र पैसेवाल्या तरुणांची. पण हैदराबादला आणखी एक रात्र आहे, आणि ती बायकांची आहे. रमजानच्या महिन्यात, विशेषतः ईदेच्या आधीच्या दिवसांत, लाड बाजार आणि पत्थरगट्टी पहाटेपर्यंत उघडी असतात. दुकानांपुढं गर्दी कुणाची? कापड पारखणाऱ्या, बांगड्या चढवून पाहणाऱ्या, लेकरांना कडेवर घेतलेल्या बायकांची. जागोजागी हलीमच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. गहू आणि मटण तासन्‌तास घोटून केलेल्या या हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं.

तशीच 'नुमाइश'. नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी साधारण १ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हे प्रदर्शन भरतं. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली ते सुरू केलं, इथल्या मालाला बाजारपेठ मिळावी म्हणून. आज तिथं काश्मिरी शालींपासून लोणच्यांपर्यंत सगळं मिळतं आणि गर्दी होते ती संध्याकाळनंतर. लग्न उन्हाळ्यात असेल तर बस्त्याचा बेत जानेवारीतच आखा.

यातून एक गोष्ट माझ्या मनाशी पक्की झाली आहे. बाई रात्री बाहेर पडू शकते ती जिथं दुसऱ्या बायका बाहेर असतात तिथं. दिवे, उघडी दुकानं आणि आपल्यासारख्या चार जणी, एवढं असलं की दहा वाजताही धास्ती वाटत नाही. निर्जन रस्ता मात्र सात वाजताही टाळावा. तेव्हा रात्री कुठं जाता येईल हे ठरवताना घड्याळाकडं पाहू नका, रस्त्याकडं पाहा. शेवटची मेट्रो कितीला हे जातानाच स्टेशनवर विचारून ठेवा. लॉजचं कार्ड प्रत्येकीच्या पर्समध्ये असू द्या. अडचण आलीच तर ११२ हा क्रमांक फिरवा. तेलंगण पोलिसांची 'शी टीम' ही बायकांच्या सुरक्षिततेसाठीची पथकं २०१४ पासून काम करीत आहेत.

दुसरा दिवस : सिकंदराबाद

आता जड सामान. सकाळी दुकानं उघडताच जनरल बाजार गाठा. कापडाची, साड्यांची, भांड्यांची, सोन्याची दुकानं दाटीवाटीनं आहेत. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी, हे लॉजवर आदल्या दिवशी विचारा. साडीचा रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दारापाशी उजेडात आणून पाहा. सकाळी गर्दी कमी असते म्हणून दुकानदारही कुरकुर करीत नाही.

पोचमपल्लीत सूत विणण्याआधीच बांधून रंगवतात, म्हणून नक्षीच्या कडा किंचित पुसट आणि साडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. उलट बाजू फिकी असेल तर ती छापील समजावी. गदवालचं अंग सुती आणि काठ-पदर रेशमी, तेव्हा काठ जिथं जोडला आहे तिथं बोट फिरवून विणकाम पाहा. नारायणपेठीची ओळख तुम्हाला करून द्यायला नकोच. आपल्या घराघरांत असलेली ही साडी तेलंगणातल्या नारायणपेठेची. देण्याघेण्याच्या साड्या एकाच दुकानात एकगठ्ठा घ्या, भाव उतरतो. हातमागाचा शिक्का पाहा आणि बिल सोडू नका.

दुपारी पॅराडाइज हॉटेलात जेवा. १९५३ साली सिनेमागृहालगतच्या छोट्या कॅफेपासून त्याची सुरुवात झाली. नाहीतर तमिळ वस्तीमुळं इडली-डोशाची हॉटेलंही पुष्कळ. मग गठ्ठे दुकानातच बांधून, नाव-पत्ता लिहून, गाडीच्या वेळेपर्यंत ठेवायला सांगा. इतकी मोठी खरेदी केल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

गाडी रात्रीची असेल तर संध्याकाळी हुसेनसागरच्या काठावर जा. तळ्यात मधोमध एकाच दगडातून घडवलेला बुद्ध उभा आहे. तो बेटाकडं नेताना मार्च १९९० मध्ये तराफ्यावरून पाण्यात पडला आणि त्या अपघातात माणसंही दगावली. दोन वर्षांहून अधिक काळ मूर्ती तळाशी होती. १९९२ मध्ये ती वर काढून उभी केली. लुंबिनी पार्कातून बोटीनं तिथवर जाता येतं.

चौथं पाकीट

शेवटी पैशांचं. घरून निघतानाच चार पाकिटं करा. पहिल्यात मुलीचा बस्ता, दुसऱ्यात दागिने, तिसऱ्यात मानपान आणि आलेल्या फर्माईशी. चौथं पाकीट तुमचं स्वतःचं. त्यात थोडेच असू देत, पण ते वेगळे असू देत. पहिल्या तिन्हींत कितीही ओढाताण झाली तरी चौथ्याला हात लावायचा नाही. त्यातून एक डझन बांगड्या घ्या, नाहीतर नुसता चहा प्या, हिशेब कुणाला द्यायचा नाही. लेकीच्या लग्नात आईनं स्वतःसाठी काही घ्यावं का, असा संकोच पुष्कळ जणींना वाटतो. पण आई लॉजवर बसून राहिली, तर लेकही सासरी तेच शिकणार, एवढं लक्षात घ्या.

आणि पुरुषमंडळींना निघण्याआधीच, चारचौघांत, गोड शब्दांत सांगून टाका की यंदा आपण सगळे मिळून बाहेर जाणार. एखाद्या वेळी पिशवी राखायची पाळी आलीच तर ती आळीपाळीनं. ऐन वेळी सांगितलं तर तो रुसवा ठरतो, आधी सांगितलं तर तो बेत ठरतो.

नांदेड, परभणी, सोलापूरच्या वाचक भगिनी या बाजारांत नेहमी जातात. त्यांनी आपापल्या खुणेच्या गल्ल्या आणि भाव करायच्या युक्त्या जरूर लिहून कळवाव्यात. पत्र थोडक्यात आणि कागदाच्या एकाच बाजूला असावं.